चिनी संगीत रंगभूमी : शैलींचे उगम आणि बहिष्कृत घराणी

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात लोककलेवर बोलताना एका विद्वान वक्त्यांनी सांगितले की, लोककलेला जात नसते, ती मातीतून उगवते. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. मी मात्र माझ्या चुलत्यांचा विचार करीत बसलो होतो. अण्णा ढोलकी वाजवीत. जत्रेत रात्रभर वाजवून झाल्यावर सकाळी बिदागी घ्यायला जायचे ते वाड्याच्या पायरीखाली उभे राहून, आणि ती बिदागी वरून टाकली जायची. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांनी ढोलकी आढ्याला टांगली ती कायमचीच. मातीतून उगवलेल्या कलेचा तो हात कोणाचा होता, हे त्या वक्त्यांना विचारावे असे फार वाटले. पण विचारले नाही. आमच्या पिढीला सभागृहात उठून उभे राहण्याची सवय अजून पुरती झालेली नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याकडे न मिळता चीनच्या रंगभूमीच्या इतिहासात मिळू लागले, आणि ते कसे मिळाले ते येथे मांडतो आहे. मला चिनी भाषा येत नाही. इंग्रजी भाषांतरे आणि अभ्यासकांचे ग्रंथ एवढ्यावरच माझी मदार आहे. लू शुनच्या कथा वाचता वाचता त्याचे निबंध हाती आले, आणि त्यातल्या एका लहानशा निबंधाने मला या वाटेला लावले. त्या निबंधाकडे पुढे येतोच.

आपण 'चिनी ऑपेरा' असे एकवचन सहज वापरतो. ते मुळातच चुकीचे आहे. २०१५ ते २०१७ या काळात चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने पाहणी केली, तेव्हा ३४८ प्रकार मोजले गेले. यांतील कथा पुष्कळ अंशी समान आहेत. वेषभूषा आणि पात्रांचे साचेही समान आहेत. वेगळे आहे ते बोलणे आणि बोलण्यातून निघालेली चाल. चिनी भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावर ठरतो आणि हे चढउतार प्रांताप्रांतात, खोऱ्याखोऱ्यात निराळे आहेत. एका गावची चाल डोंगर ओलांडून दुसऱ्या गावी गेली की तिथल्या लोकांच्या तोंडातील उच्चारांप्रमाणे ती वाकवावी लागते. नाहीतर शब्दांचा अर्थच हरवतो. म्हणजे शैली जन्माला येते ती चाल प्रवास करते म्हणून. मग चाल खांद्यावर घेऊन पायी प्रवास कोणी केला, हा प्रश्न इतिहासाचा मुख्य प्रश्न ठरतो.

नटांच्या परंपरेत सांगितला जाणारा उगम मात्र राजाचा आहे. तांग घराण्यातील सम्राट श्युआनत्सोंग (राज्यकाल ७१२ ते ७५६) याने आपल्या पेअरच्या बागेत गायक-वादकांना शिक्षण दिले, म्हणून नट स्वतःला 'पेअरबागेचे शिष्य' म्हणवितात आणि पुष्कळ ठिकाणी त्या सम्राटालाच कुलदैवत मानतात. ज्याला गावात कोणी जवळ उभे करीत नाही त्याने आपला मूळपुरुष सम्राट आहे असे म्हणावे, यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या नाट्यशास्त्राची तऱ्हा नेमकी उलटी आहे. तिथे ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी पाचवा वेद म्हणून नाट्य निर्माण केले आणि शेवटच्या अध्यायात त्याच भरताच्या मुलांना ऋषींची टवाळी केली म्हणून शूद्र होण्याचा शाप मिळाला! कला दैवी आणि कलावंत शूद्र, ही मांडणी आपल्या शास्त्रकारांनी एकाच ग्रंथात करून ठेवली. चीनमध्ये हेच काम कायद्याने केले.

तो कायदा समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. उत्तर वेई राजवटीत, म्हणजे सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी, खुनी दरोडेखोराला देहान्त शासन देऊन त्याच्या बायकामुलांची नोंद 'युएहू' म्हणजे वादक-घराणे म्हणून करण्याची शिक्षा होती. पुढे ही नोंद वंशपरंपरागत झाली. मिंग घराण्यातील योंगल सम्राटाने १४०२ मध्ये पुतण्याचे सिंहासन बळकावले. जे मंत्री त्याला शरण आले नाहीत त्यांना मारून त्यांच्या बायकामुलींना त्याने याच नोंदीत ढकलले. म्हणजे काल मंत्र्याची मुलगी होती ती आज नाचणारी झाली, आणि तिची पणतीही नाचणारीच. 'हलक्या' जातीचा मनुष्य हलक्या गुणांमुळे हलका होतो असे सांगणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

युएहूंना आणि एकूण नटांना सरकारी परीक्षा देता येत नसे. चीनमध्ये सत्ता, प्रतिष्ठा, जमीन या साऱ्यांचा दरवाजा म्हणजे परीक्षा. परीक्षार्थीचे कूळ 'स्वच्छ' असल्याची हमी जामीनदाराला द्यावी लागे. अधिकाऱ्याने युएहू स्त्रीशी लग्न केले तर साठ फटके आणि लग्न रद्द. मिंग घराण्याच्या सुरुवातीला नटांनी डोक्याला हिरवे फडके बांधावे असा हुकूम होता, लांबून ओळखू यावेत म्हणून. त्याही आधी, युआन काळात, वेश्यांच्या घरातील पुरुषांसाठी असाच नियम होता. आजही चीनमध्ये एखाद्या पुरुषाच्या डोक्यावर 'हिरवी टोपी' आहे असे म्हणणे ही फार मोठी शिवी समजली जाते. गळ्यातले मडके आणि कमरेचा फडा ज्यांच्या पूर्वजांनी वागविला त्यांना या फडक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट येथे आवर्जून नमूद करतो, कारण ती आपली आहे. चीनच्या रंगभूमीवर ज्याचे नाव नोंदले गेले असे सर्वांत जुने मोठे नाटक बौद्ध आहे. भगवान बुद्धांचे शिष्य महामोग्गलान यांना चिनी लोक मूल्येन म्हणतात. मूल्येन आपल्या आईला नरकातून सोडवून आणतो, ही ती कथा. उत्तर सोंग घराण्याची राजधानी कायफंग येथे, बाराव्या शतकाच्या आरंभी, सातव्या महिन्यातील सप्तमीनंतर पौर्णिमेपर्यंत हे नाटक बाजारातले नट करीत आणि प्रेक्षकांची गर्दी रोज वाढत जाई, अशी नोंद आहे. १५८२ च्या सुमारास चंग चिचन याने त्याचे शंभर प्रवेशांचे लिखित रूप तयार केले. परंतु गावोगाव ते आपापल्या बोलीत, आपापल्या चालीत होत राहिले. कोठे रोगराई आली, अपमृत्यू झाले, की मूल्येनचे नाटक लावायचे. लू शुन लहानपणी शाओशिंगमध्ये अशाच नाटकात भुतांच्या सैनिकाचे काम करायला धावला होता. त्या नाटकात गळफास घेतलेल्या बाईचे भूत येते, लाल कपडे घालून, सूड मागत. मरणापूर्वी महिनाभर आधी, १९३६ मध्ये, लू शुनने या भुतावर निबंध लिहिला आणि ते किती देखणे, किती मानी आहे हे सांगितले. बुद्धाच्या शिष्याच्या कथेत छळलेल्या बायांना बोलायला जागा मिळाली, ती शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी करून दिली. मूळ सूत्रात ती नव्हती.

युआन काळात (तेराव्या-चौदाव्या शतकात) एक विलक्षण गोष्ट घडली. मंगोल राज्यकर्त्यांनी परीक्षाच बंद ठेवल्या. त्या १३१५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. शिकलेले लोक बेकार झाले आणि त्यांतील काही नटांच्या पंगतीला येऊन बसले. ग्वान हानछिंग त्यांतलाच. त्याने चू ल्येनश्यू या अभिनेत्रीवर कविता लिहिली, आणि निरपराध विधवेचा शिरच्छेद करणाऱ्या न्यायव्यवस्थेवरचे 'तोउ अचा अन्याय' हे नाटक लिहिले. याच काळातील एका लेखकाने शंभराहून अधिक कलावंतिणींची टिपणे करून ठेवली आहेत. साहित्याच्या इतिहासात हा नाटकाचा सुवर्णकाळ समजला जातो. मला त्यातून एवढेच दिसते की, वरच्यांची शिडी काढून घेतली तेव्हाच त्यांना खाली बसलेल्यांचे गाणे ऐकू आले. शिडी परत लावली तेव्हा ते वर गेले, आणि जाताना चाल बरोबर घेऊन गेले.

ती कशी नेली हे मिंग काळात स्पष्ट दिसते. १५५९ मध्ये शाओशिंगच्या श्यू वेई याने दक्षिणेकडील नाटकांविषयी एक पुस्तिका लिहिली. तो स्वतः परीक्षेत वारंवार नापास झालेला, विक्षिप्त, पण प्रामाणिक लेखक. त्याने त्या काळच्या चार चालींची नावे दिली आहेत : हाययान, यूयाओ, यीयांग आणि कुनशान. यांतील पहिल्या दोन पुढे लुप्त झाल्या. उरलेल्या दोघींचा संसार मात्र एखाद्या सवर्ण आणि एखाद्या बहिष्कृत घराण्याइतका वेगळा झाला.

कुनशानची चाल सूचौजवळची. सोळाव्या शतकात वेई ल्यांगफू याने इतर गायक-वादकांच्या साहाय्याने ती घासूनपुसून मऊ केली, बासरी मुख्य ठेवली. पाण्याच्या जात्यावर दळल्यासारखी ती गुळगुळीत झाली असे तिचे वर्णन करतात. तिला कुनछू म्हणतात. विद्वानांनी तिच्यासाठी नाटके लिहिली, तांग श्येनत्सूचे १५९८ चे 'मुदान थिंग' तिच्यातच गायले जाते. सूचौचे श्रीमंत घरातच नाटकमंडळी ठेवीत. त्यासाठी गरिबांची मुलेमुली विकत घेत. पदे लिहिणाऱ्या मालकाचे नाव राहिले. गाणारी मुलगी पाहुण्याला भेटही देता येई.

यीयांगची चाल ज्यांग्शी प्रांतातली. तिला बासरी नाही, तंतुवाद्य नाही. ढोल आणि झांजा एवढेच. एकाने ओळ म्हणायची आणि ओळीचा शेवट पडद्यामागच्यांनी उंच आवाजात उचलून धरायचा. हे वाचले तेव्हा मला आपल्या झीलकऱ्यांची आठवण झाली. उघड्या माळावर, ध्वनिक्षेपक नसताना, हजार माणसांना ऐकू जायचे तर दुसरा उपाय कोणता? हिला ठरीव लिपी नव्हती. जिथे जाईल तिथली बोली ती घेई. श्यू वेईच्या काळातच ती दोन्ही राजधान्या, हूनान, फूच्येन आणि ग्वांगतोंगपर्यंत पोचलेली होती. सछ्वान प्रांतातील 'उंच स्वराचे' गाणे तिचीच लेक आहे. विद्वान तिला गोंगाट म्हणत. आमच्याही गाण्याला तेच म्हटले गेले, तेव्हा या शब्दाचे वजन मला माहीत आहे. चीनच्या बहुसंख्य प्रादेशिक शैली या गोंगाटातून आणि वायव्येच्या लाकडी टिपरीतून निघाल्या. त्या गुळगुळीत चालीतून फार थोड्या.

ही टिपरी शेन्शी आणि कान्सू प्रांतांतली. लाकडाच्या दोन तुकड्यांवर ताल धरून, घसा फोडून गायचे. या शैलीला छिनछ्यांग म्हणतात. व्यापारी आपल्या गावच्या मंडळ्या दूरदूरच्या बाजारपेठांत बोलावीत. तिथे आपल्या प्रांतवाल्यांच्या धर्मशाळांत त्यांनी रंगमंच बांधले होते. मीठ, चहा, लोकर या मालाबरोबर चालही गेली.

अठराव्या शतकात या साऱ्याची वर्णव्यवस्था झाली. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. यांगचौच्या मीठ-व्यापाऱ्यांनी सम्राटाच्या स्वागतासाठी नाटकमंडळ्या ठेवल्या, त्यांचे दोन विभाग होते असे ली तोउ याने १७९५ मध्ये लिहिले आहे. एक 'या' म्हणजे शुद्ध, अभिजात. त्यात फक्त कुनछू. दुसरा 'ह्वा' म्हणजे फुलांचा, अर्थात भेसळीचा, रंगीबेरंगी. त्यात बाकी सगळे. एकीकडे एक, दुसरीकडे उरलेला सगळा देश!

या भेसळीच्या विभागातला एक माणूस वेई छांगशेंग. सछ्वानचा, गरिबीतून आलेला, स्त्रीपात्रे करणारा. १७७९ मध्ये तो बीजिंगला आला आणि त्याने राजधानी हलवून सोडली. कुनछूची बाके रिकामी पडू लागली. १७८५ मध्ये हुकूम निघाला : बीजिंगमध्ये छिनछ्यांग गायचे नाही, नटांनी कुन किंवा यी चालीत जावे, नाहीतर राजधानी सोडावी, नाहीतर शिक्षा. कारण अश्लीलता. वेई यांगचौला गेला, लोक तिथेही त्याच्याभोवती जमले. १७९८ मध्ये पुन्हा फर्मान आले, या वेळी सूचौ-यांगचौसाठीही, आणि ते सूचौच्या नटांच्या देवळात दगडावर कोरून लावले गेले. आपल्याच कुलदैवताच्या दारात आपल्याच गाण्यावरची बंदी, रोज येताजाता वाचायची. वेई परत बीजिंगला गेला आणि १८०२ मध्ये तिथेच वारला.

पण बंदी टिकली नाही. १७९० मध्ये छ्येनलोंग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आन्ह्वेई प्रांतातील सानछिंग मंडळी बीजिंगला आली होती; तिच्यामागून आणखी आल्या. पुढे हूपे प्रांताचे नट आले. आन्ह्वेईवाल्यांची अर्हुआंग आणि हूपेवाल्यांची शीपी अशा दोन चाली एकत्र होऊन, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, जे उभे राहिले त्याला जग आज पेकिंग ऑपेरा म्हणते. त्यात पेकिंगचे मूळचे थोडेच. परप्रांतीय, हलक्या कुळाच्या, परीक्षेला अपात्र अशा लोकांनी तो उभा केला. या नटांची मुले करारावर गुरूच्या ताब्यात दिली जात. मूल पळाले, नदीत वा विहिरीत जीव दिला, तर गुरूवर दोष नाही, असे त्या करारांत लिहिलेले असे आणि त्याखाली बापाचा अंगठा. पेकिंग ऑपेराच्या नजाकतीविषयी शेकडो पाने लिहिली गेली. त्या अंगठ्यांविषयी मला फार थोडी सापडली.

सगळेच नट मुकाट राहिले असे नाही, आणि इथे मला जरा थांबावेसे वाटते. दक्षिणेत, ग्वांगतोंग प्रांतात, कँटोनी मंडळ्या लाल रंगाच्या होड्यांतून नद्यानद्यांनी फिरत. फोशान शहरात त्यांचे छ्योंगह्वा नावाचे संघगृह होते. १८५४ मध्ये, थायपिंग उठावाने देश पेटलेला असताना, ली वेनमाओ हा लढवय्या भूमिका करणारा नट सरकारविरुद्धच्या बंडात उतरला. त्याच्यामागे नट आले. रंगमंचावर जो ज्या प्रकारच्या भूमिका करी त्याप्रमाणे त्यांच्या पलटणी बनविल्या आणि ते नाटकातलेच सेनापतीचे पोशाख चढवून लढायला निघाले. प्रस्थापित इतिहासकारांना यात विनोद दिसला. मला दिसत नाही. ज्याला खऱ्या जगात सेनापतीचा पोशाख घालायला कायद्याने बंदी होती, त्याच्याकडे तो पोशाख फक्त पेटाऱ्यात होता; त्याने तो बाहेर काढला, एवढेच. ग्वांगशी प्रांतात या बंडखोरांनी आपले राज्य स्थापिले. १८५७ मध्ये ली वेनमाओने ल्यूचौ शहर घेतले आणि राजा ही पदवी धारण केली. पुढच्याच वर्षी तो मरण पावला.

सूड भयंकर होता. छ्योंगह्वा संघगृह उद्ध्वस्त करण्यात आले. नट दिसेल तिथे मारले गेले. कँटोनी नाटकावर बंदी आली आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ राहिली. जे वाचले ते इतर प्रांतांच्या शैलीच्या नावाखाली पोट भरू लागले. नाव बदलून, गाव बदलून. आजच्या कँटोनी ऑपेरात परकी चालींचे जे थर आहेत त्यांची कारणे सांगताना 'सांस्कृतिक देवाणघेवाण' असे गोंडस शब्द वापरतात. त्यातला एक थर तरी जीव वाचविण्यासाठी पांघरलेला आहे. विसाव्या शतकात क्रांतिकारकांच्या नाटकमंडळ्यांनी सरकारी बोली टाकून लोकांची कँटोनी बोली रंगमंचावर आणली, आणि १९२०-३० च्या दशकांत ती पक्की झाली.

आता लू शुनच्या त्या निबंधाकडे येतो. त्याच्या शाओशिंग भागात द्वोमिन नावाची जमात होती. 'द्वोमिन' म्हणजे पतित लोक. पुरुषांनी लग्नकार्यात वाजवायचे, नाटकात काम करायचे, बेडूक पकडायचे, गोळ्या देऊन कोंबडीची पिसे जमवायची. बायांनी नवरीच्या मागे उभे राहायचे, केस विंचरायचे. शाओशिंगचे लुआनथान नावाचे नाटक पुष्कळसे यांच्याच हातातले. १७२३ मध्ये योंगचंग सम्राटाने युएहू आणि द्वोमिन या दोघांचीही हलकी नोंद रद्द केली. इतिहासात याला मुक्ती म्हणतात. पण त्या मुक्तीची अट होती : धंदा सोडा आणि सज्जन व्हा. पोटाला दुसरे काही दिले नाही. १७७१ मध्ये आणखी नियम झाला की, धंदा सोडल्याची नोंद केल्यानंतर चार पिढ्या गेल्या आणि सगळे नातलग स्वच्छ असले तरच परीक्षेला बसता येईल. जो नट नटच राहिला त्याच्यासाठी हुकूम नव्हताच. म्हणजे सम्राटाचे म्हणणे असे : तुझी कला हाच तुझा विटाळ आहे, ती टाक, मग चौथ्या पिढीला बघू.

१९३३ मध्ये लू शुनने या जमातीवर लिहिले. द्वोमिन बाईची ठराविक घरे असत. त्या घरच्या लग्नामर्तिकाला जायचे, काम करायचे, बक्षिसी घ्यायची. हा हक्क सासूकडून सुनेला मिळे आणि तो विकतासुद्धा येई. वतन! हा शब्द त्याला माहीत नव्हता, मला तो वाचल्यावाचून राहवला नाही. क्रांतीनंतर लू शुनच्या आईने आपल्या घरी येणाऱ्या बाईला सांगितले की, आता आपण सगळे सारखे, तुम्ही यापुढे येऊ नका. ती बाई संतापली. आम्ही पिढ्यान् पिढ्या येत राहणार, असे तिने ठणकावले. लू शुन खिन्न होऊन लिहितो की, थोड्याशा बक्षिसीसाठी माणूस गुलामीचा हक्क विकतसुद्धा घेतो. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा आपल्यातलेही काही जण असेच संतापले होते. लू शुनविषयी पूर्ण आदर बाळगून मी एक म्हणेन. त्या बाईला घरात येऊ नका असे सांगणे सोपे होते. तिच्यापुढे दुसरे घर कोणते, हे त्या आईने सांगितले नाही.

याच भागातील शेंगश्येनच्या गरीब शेतकऱ्यांनी नवी शैली जन्माला घातली. दारोदार गाणी म्हणून धान्य मागणारे हे लोक. १९०६ च्या वसंतात तोंगवांग गावात त्यांनी भात झोडपण्याची चार पिंपे मांडली, वर दरवाज्याच्या फळ्या टाकल्या आणि पहिल्यांदा वेष घालून नाटक केले. ही आजची युएच्यू. १९२३ मध्ये मुलींची पहिली शाळा निघाली. पोट भरेना म्हणून आईबापांनी मुली दिल्या. शांघायमध्ये त्यांनी पुरुषपात्रेही स्वतःच केली आणि कापडगिरण्यांतल्या बाया नाटकाला लोटल्या. युआन श्वेफन हिने १९४६ मध्ये लू शुनच्या कथेवरून 'श्यांगलिनची बायको' रंगविले. पुढच्याच वर्षी श्याओ तानग्वेई ही लोकप्रिय नटी, थिएटर चालविणाऱ्याच्या छळाला कंटाळून, विष घेऊन मेली. उत्तरेकडे भिकाऱ्यांच्या 'ल्येनह्वालाओ' गाण्यांतून फिंगच्यू निघाले. चहा तोडणाऱ्यांच्या गाण्यांतून ह्वांगमेई. भिकारी, मजूर, विकलेल्या पोरी. लोककलेला जात नसते म्हणणाऱ्या वक्त्यांनी ही यादी वाचावी.

१९४९ नंतर नवे राज्य आले. मे १९५१ च्या सरकारी आदेशाने नाटके सुधारा, माणसे सुधारा, व्यवस्था सुधारा असे सांगितले. नटाला तुच्छतेने 'शीत्झ' म्हणत, तो शब्द गेला, पगार आला, गुरूंचे करार संपले. हे थोडे नव्हे, आणि ते नाकारणारे लोक बहुधा कधी वरून टाकलेली बिदागी उचललेले नसतात. पण १९६६ नंतरच्या दहा वर्षांत मोजक्या आदर्श नाटकांखेरीज सारे बंद पडले. ह्वांगमेईची लाडकी गायिका यान फंगयिंग हिने १९६८ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, छळ सोसून आत्महत्या केली.

युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या ठेव्यांची पहिली यादी केली. चीनकडून त्यात कुनछू आली. २००९ मध्ये कँटोनी आणि तिबेटी, २०१० मध्ये पेकिंग. अभिजात आधी, बाकीचे मागून. ली तोउची दोन दालने मोडलेली नाहीत. दुसरीकडे १९९० च्या दशकात चिनी अभ्यासक शान्शी प्रांताच्या आग्नेय भागात युएहूंचे वंशज शोधत गेले, तेव्हा देवळांच्या उत्सवांत तीच घराणी वाजवीत होती आणि बाहेरचे लोक त्यांच्याशी सोयरीक टाळीत आले होते. योंगचंगच्या हुकमाला तेव्हा पावणेतीनशे वर्षे होत आली होती. लू शुनने १९३४ मध्ये मेई लानफांगविषयी लिहिताना तक्रार केली होती की, विद्वान लोक जनतेची वस्तू उचलतात आणि तिच्यावर काचेचे झाकण घालतात. झाकणाखाली नट गेला, असे त्याचे म्हणणे. मला वाटते, चाल गेली. नट बाहेरच राहिला.

आणि अण्णा? १९८० च्या सुमारास एक अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या गावी आले होते. कोणीतरी त्यांना आमचे घर दाखविले. त्यांनी फार आदराने, 'काका, थोडे वाजवून दाखवा' म्हटले. अण्णा म्हणाले, 'साहेब, बसा, चहा घ्या.' आमच्या घरी चहा पिणारे ते पहिले ब्राह्मण. त्यांनी तो आनंदाने घेतला, हे सांगितले पाहिजे. ढोलकी मात्र अण्णांनी खाली काढली नाही. मी तेव्हा त्यांच्यावर मनातून रागावलो होतो. एवढी कला, ती जाईल म्हणून. गेलीही. त्यांच्या हाताचा एकही ठेका कोणाकडे नाही. माझ्या मुलाला ढोलकी येत नाही. तो इंजिनियर आहे, चौथ्या पिढीची वाट न पाहता झालेला.

ते आढे १९९३ मध्ये घर पाडताना उतरवले. कातडे फाटले होते. खोड चांगले होते, ते मी ठेवले आहे.